पलीकडच्या काठावरचा वर्ग

बाईंना नोकरी लागली तेव्हा त्यांना खेचरावर बसता येत नव्हतं, चूल पेटवता येत नव्हती आणि कुत्रा दिसला की त्या रस्ता बदलायच्या. पुढे नोकरीनेच त्यांना हे सगळं शिकवलं. पोहणं तेवढं कधी जमलं नाही. शिक्षण खात्याच्या कार्यालयात कोणीतरी नकाशावर बोट ठेवायचं, रस्त्याची रेघ जिथे संपते तिथून ते बोट आणखी थोडं पुढे सरकवायचं, आणि तिथे बाईंची बदली व्हायची. बाकीचे शिक्षक कोणाचा मामा, कोणाचा मेहुणा शोधून बदल्या फिरवून घ्यायचे. बाईंचा वशिला म्हणजे त्यांचे दोन पाय. 'इतक्या लांब कशाला जाता?' असं कोणी विचारलं तर त्या म्हणायच्या, 'मुलं तिथे आहेत म्हणून.' विचारणाऱ्याला वाटायचं, बाई थट्टा करतात. बाई थट्टा करत नसत.

नवरा रस्ते बांधणाऱ्या कंपनीत रोलर चालवायचा. स्वभावाने हसरा आणि अंगाने रोलरसारखाच संथ. "माझा रस्ता तुझ्या गावापर्यंत पोचला की मी कायमचा घरी," असं तो लग्नापासून म्हणत आला होता. रस्त्याला काही घाई नव्हती. त्यामुळे बाईंनी संसार केला तो बहुतेक एकटीने, एका पत्र्याच्या पेटीत मावेल एवढा.

पहिलं गाव डोंगराच्या माथ्यावर होतं. शाळा भरायची लोकरीच्या गोदामात. मुलं गठ्ठ्यांवर बसायची, आणि जो गठ्ठा विकला जाईल त्यावरचा मुलगा दुसऱ्या दिवशी जमिनीवर यायचा. बाई तिथे असतानाच त्यांना दिवस गेले. शेवटच्या महिन्यात खाली उतरून जायचं ठरलं होतं, पण परीक्षा तोंडावर आली होती. आज जाऊ, उद्या जाऊ करता करता एके सकाळी वर्गातच कळा सुरू झाल्या. गावकऱ्यांनी कोणाच्या तरी घराचा दरवाजा बिजागऱ्यांतून काढला, त्यावर बाईंना निजवलं आणि चार बापे तो दरवाजा खांद्यावर घेऊन उतार उतरू लागले. मागून चौथीचा अख्खा वर्ग, कारण कविता पाठ म्हणून दाखवायच्या राहिल्या होत्या. बाई आडव्या पडूनच कविता ऐकत होत्या. कळ आली की हात वर करायच्या, वर्ग थांबायचा. कळ ओसरली की पुढची ओळ. शेवटच्या दोन मुलांच्या कविता राहूनच गेल्या, कारण डोंगराच्या पायथ्याशी पिठाची गिरणी लागली आणि त्यापुढे जायला वेळच उरला नाही. गिरणीवाल्याच्या बायकोने सगळं निभावून नेलं. मुलगी झाली, ती इतकी पांढरीफटक की बाई घाबरल्या. ते पीठ होतं. "वजन करायचं का? काटा इथेच आहे," गिरणीवाला म्हणाला, आणि बायकोच्या शिव्या खाऊन बाहेर गेला. मुलीला कागदोपत्री चांगलं भारदस्त नाव ठेवलं, पण ते कोणाच्या लक्षात राहिलं नाही. ती पिठीच राहिली.

पिठी फळ्याखाली वाढली. शिकवताना बाई तिला पोत्यावर बसवायच्या. रांगायच्या आधी ती अंक बडबडायला लागली, आणि एकदा बोलायला लागली की तिच्या तोंडाचा पट्टा थांबवणं कठीण. खेचरावर बोलायची, जेवताना बोलायची, झोपेत बोलायची. दुसऱ्या गावी, जंगलाच्या कडेला, एकदा शाळेच्या ओसरीवर अस्वल येऊन बसलं. बाईंनी दाराला बाक लावला, मुलांना चिडीचूप बसवलं, आणि सगळी मुलं बसलीही. पिठी तेवढी बसेना. तिला अस्वलाला विचारायचं होतं की तुझी आई कुठे आहे. बाईंनी तिचं तोंड हाताने दाबून धरलं. अस्वल कंटाळून गेलं तोवर हाताला दातांचे ठसे उमटले होते. ते त्या पुढे बरेच दिवस कौतुकाने सगळ्यांना दाखवत.

मग आली नदीवरची शाळा. गाव नदीच्या दोन्ही काठांवर पसरलेलं. दुकान, दवाखाना, रस्ता अलीकडे. शाळा मात्र पलीकडच्या उतारावर, एकाच खोलीची. पहिली ते चौथी त्याच खोलीत चार रांगांत बसायची. पूल नव्हता. या काठापासून त्या काठापर्यंत एक जाडजूड तार ताणलेली होती आणि नावाडीमामा त्या तारेला धरून, हाताने ओढत ओढत, चपट्या बुडाची नाव न्यायचे. मामांचा एकच कायदा होता: मुलं आधी, मोठी माणसं मागून. साक्षात मंत्री आला असता तरी मामांनी त्याला दुसऱ्या फेरीला बसवलं असतं. बाई अलीकडच्या दुकानवाल्या मावशींच्या माडीवर राहायच्या आणि रोज पिठीला पहिल्या फेरीने पाठवून आपण दुसऱ्या फेरीने जायच्या. शाळेची किल्ली पिठीच्या गळ्यात असायची. कुलूप उघडायचं, घड्याळाला किल्ली द्यायची, काटे जुळवायचे, हे तिचं काम.

इथवर सगळं छान होतं. पहिल्या वर्षाच्या शेवटी पिठीचा पहिला नंबर आला आणि माशी शिंकली.

झालं एवढंच. परतीच्या नावेत एका मुलाची आई सहज म्हणाली, "पहिला नंबर यायचाच की. पेपर काढणारी घरात, तपासणारीही घरातच." नावेतली सगळी हसली. म्हणणारीच्या मनात पाप नव्हतं. बाईसुद्धा हसल्या. पण ते वाक्य त्यांच्या मनात असं रुतून बसलं की रात्री जेवण जाईना. ज्या बाईने आयुष्यात कोणाच्या शिफारशीने साधी खुर्ची घेतली नव्हती, तिच्यावर घरातल्या घरात नंबर वाटल्याचा संशय. त्या दिवशी त्यांनी कानाला खडा लावला. त्या खड्याची किंमत कोण चुकती करणार, हे काही त्यांच्या ध्यानात आलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून पिठीचा हात वर गेला की बाईंची नजर त्यावरून सरळ पुढच्या मुलावर जायची. नाटकात पिठीला झाड केलं. पुढच्या वर्षी पुन्हा झाड. नव्या पेन्सिली आल्या की सगळ्यांना वाटून जी उरेल ती तिची. उत्तर बरोबर असलं तरी अक्षरासाठी एखादा गुण कापलेला. शेजारी बसणाऱ्या ढब्बूला प्रश्न विचारायचा, त्याला यायचं नाही, तो पिठीकडे बघायचा, आणि बाई म्हणायच्या, "तिच्याकडे काय बघतोस, मी तुला विचारलंय." गावात बाईंचं नाव झालं. "बाई म्हणजे बाई. पोटच्या पोरीलाही सोडत नाहीत," असं लोक म्हणायचे. खरं सांगायचं तर हे ऐकायला बाईंना आवडायचं. अन्यायालाच न्याय समजून बसण्याची चूक लबाड माणसाच्या हातून कधी होत नाही. त्याला फार प्रामाणिक माणूसच लागतो.

हळूहळू पिठीचा हात वर जाईनासा झाला. मग शाळेत ती बोलेनाशी झाली. पुढे घरीही कमी बोलायला लागली. मावशी एकदा म्हणाल्या, "बाई, तुमची मैना गप्प का हो असते हल्ली?" बाई म्हणाल्या, "मोठी होतेय. समजूतदार झालीय." दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच, आणि या दिव्याला तर आपल्या उजेडाचा थोडा अभिमानही होता.

पिठी चौथीत गेली. चौथीनंतर शहरातली मोठी शाळा होती, राहण्याची सोय असलेली. तिथे जायचं तर लेखी परीक्षेबरोबर तोंडी परीक्षाही द्यावी लागे, आणि ती घ्यायला तपासणीचे साहेब यायचे. यंदाचे साहेब नवीन होते. तरुण, कष्टाळू, धुळीने माखलेल्या मोटरसायकलवरून आले. ढब्बूने अडखळत का होईना, उत्तरं दिली. बाकीच्यांनीही दिली. मग पिठी उभी राहिली.

"घड्याळात साडेतीन वाजलेत. मोठा काटा कुठे असेल?"

जी मुलगी रोज सकाळी त्या भिंतीवरच्या घड्याळाचे काटे जुळवायची, ती काहीच बोलली नाही. पायाच्या अंगठ्याने जमीन उकरत राहिली. साहेबांनी धडा वाचायला दिला. ओठ हलले, आवाज आला नाही. साहेब रागावले नाहीत, चुचकारलं, पाणी प्यायला दिलं, पुन्हा विचारलं. काही नाही. अख्खा वर्ग बघत होता.

साहेब बाईंना ओसरीवर घेऊन गेले. "लेखी चांगलं आहे हिचं, पण शेजारच्याचं बघून लिहिलं असेल. हिला अजून एक वर्ष इथेच राहू दे."

ही माझी मुलगी आहे, हिला सगळं येतं, हे बाईंच्या ओठांवर आलं होतं. पण सांगितलं तर तो वशिला झाला असता. शेवटी एवढंच म्हणाल्या, "साहेब, एकदा परत ऐकाल का हिचं?"

"महिन्याभराने येतोच आहे मी. तेव्हा ऐकतो," साहेब म्हणाले. "पण तेव्हाही असंच झालं तर माझाही इलाज नाही."

त्या संध्याकाळी नावेत मायलेकी दोघीच होत्या.

"येत होतं ना तुला?" बाईंनी विचारलं.

"हो."

"मग बोलली का नाहीस?"

पिठीने पाण्याकडे बघितलं. "बोलायला गेले, पण तोंडच उघडेना. शाळेत उघडायची सवयच नाही."

नावाडीमामा पाठ फिरवून तार ओढत राहिले. बाईंना त्या क्षणी पिठीच्या प्रत्येक वर गेलेल्या हाताची आठवण झाली, आणि त्यांना स्वतःची इतकी लाज वाटली की नाव काठाला लागल्यावरही त्या उठल्या नाहीत.

पण बाई हातपाय गाळून बसणाऱ्यातल्या नव्हत्या. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी वर्गात पहिला प्रश्न पिठीला विचारायला सुरुवात केली. तिचं नाव घेतल्याबरोबर चारही रांगा माना वळवून बघायच्या, जणू घड्याळालाच कोणी प्रश्न विचारला होता. पिठी लाल व्हायची, अंगठ्याने जमीन उकरायची, आणि आवाज काही यायचा नाही. बाईंनी लाडीगोडी लावली. एकदा आवाज चढवला आणि नंतर स्वतःच रडल्या. मुलांना बाहेर पाठवून एकटीला विचारून पाहिलं. फळ्यासमोर बाई उभ्या राहिल्या की पिठीच्या तोंडाला कुलूप लागायचं, मग खोलीत बाकी कोणी असो वा नसो. बदलीची गावं पालथी घातलेल्या, पेंगणाऱ्या पोरांना पाढे शिकवलेल्या बाई आपल्याच पोरीपुढे टेकीला आल्या. दिवस मात्र भराभर जात होते.

साहेब यायचे होते त्याच आठवड्यात नदी वाढली. गंमत अशी की गावात आभाळ स्वच्छ होतं, ऊन पडलं होतं. वर डोंगरात कुठेतरी रात्रभर कोसळलं असणार. सकाळी मामांनी नेहमीप्रमाणे मुलांची फेरी नेली तेव्हा पाणी थोडं गढूळ होतं, इतकंच. बाईंना घ्यायला ते अलीकडे परत आले, तोवर नदीने रंग बदलला होता. झाडांचे बुंधे वाहत यायला लागले. मामांनी नाव वर ओढली आणि खुंट्याला दोनदा बांधली.

"मामा, माझी पोर तिकडे आहे," बाई म्हणाल्या.

"सगळ्यांचीच पोरं तिकडे आहेत, आणि तिथे घरंही आहेत," मामा म्हणाले. "तुम्ही मध्ये वाहून गेलात तर कोणाचं भलं होणार आहे? बसा."

बाई बसल्या. दुसरं करण्यासारखं काही नव्हतं. नदीचा आवाज एवढा की शेजारच्या माणसालाही ओरडून सांगावं लागे. पलीकडे हाक पोचायचा प्रश्नच नव्हता. थोड्या वेळाने पलीकडे ढब्बूची आई काठावर आली आणि तिने टॉवेल फिरवला. सगळी ठीक आहेत, असा त्याचा अर्थ बाईंनी लावला. तेवढ्याने जिवात जीव येईना. त्यांनी मावशींच्या दुकानाच्या दाराच्या दोन रुंद फळ्या काढून आणल्या आणि त्यांच्यावर खडूने दिसेल एवढ्या मोठ्या अक्षरांत लिहिलं: जेवलीस का? पलीकडे काठावर आलेल्या पिठीने दोन्ही हात हलवले, मग रिकामी थाळी उलटी करून दाखवली. बाईंनी डोळे पुसले.

"फळ्या परत द्या बरं," मावशी म्हणाल्या. "का आता दुकान सताड उघडं ठेवू?"

"पूर ओसरेपर्यंत ठेवा," बाई म्हणाल्या, आणि मावशी दुकानाच्या दारात खुर्ची टाकून बसल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई काठावर आल्या तेव्हा पलीकडे वेगळंच चाललं होतं. सगळी मुलं शाळेसमोरच्या उतारावर येऊन बसली होती, चार रांगांत, अगदी शिस्तीत. त्यांनी फळाही बाहेर आणून दगडाला टेकवून ठेवला होता. आणि फळ्यासमोर, हातात काडी घेऊन, पिठी उभी होती. बाईंना वाटलं, मुलं शाळा-शाळा खेळत असतील. त्यांनी दुकानाच्या फळीवर मोठ्ठं लिहिलं: पाढे घे. पिठीने वाचलं, मान डोलावली आणि दुसरंच काहीतरी शिकवायला लागली.

बाई बघत राहिल्या. पिठीचं तोंड चालू होतं. एका रांगेपुढे थांबून ती काही सांगायची, वाकून एखाद्या बारक्याचा हात धरून आकडा गिरवून घ्यायची, मग दुसऱ्या रांगेकडे वळायची, आणि या सगळ्यात तिचे ओठ क्षणभरही मिटत नव्हते. मध्येच मुलं हसायची. मध्येच ढब्बू उठून उभा राहायचा, पिठी कंबरेवर हात ठेवून त्याचं ऐकून घ्यायची आणि पुन्हा सुरू. दुपार होईपर्यंत हे चाललं. तीन वर्षं बाईंनी जे तोंड बंद केलं होतं ते त्यांच्या डोळ्यांसमोर उघडलं होतं, आणि नदीच्या गर्जनेत त्यातलं एक अक्षरही त्यांच्या कानापर्यंत येत नव्हतं.

"बाई, तुमची पोर बोलते की," मामा त्यांच्या कानाशी ओरडले.

"दिसतंय मला."

"काय बोलत असेल?"

"तेच तर," बाई म्हणाल्या. त्यांना हसू येत होतं आणि रडूही येत होतं. मामांनी भलतीकडे बघून त्यांना दोन्ही करू दिलं.

त्याच्या पुढच्याही दिवशी तसंच. बाई सकाळी यायच्या आणि वर्ग सुटेपर्यंत काठावर बसून राहायच्या. मावशी तिथेच चहा आणून द्यायच्या. मग साहेब आले. मोटरसायकल उभी करून ते काठाशी आले, पाणी बघून त्यांनी मान हलवली, आणि तेवढ्यात पलीकडचा वर्ग त्यांच्या नजरेला पडला.

"तुम्ही इकडे, मग तिकडे शिकवतंय कोण?" साहेबांनी मोठ्याने विचारलं. "कोणी मदतनीस नेमलीय का?"

"माझी मुलगी आहे ती," बाई म्हणाल्या.

"कोणती मुलगी?"

"जिला तुम्ही एक वर्ष मागे ठेवायला सांगितलंत ती."

साहेबांनी डोळ्यांवर हात धरून पुन्हा पलीकडे बघितलं. काडी फळ्यावर फिरत होती, चार रांगा माना वर करून बसल्या होत्या. "पण तुम्ही तेव्हा का नाही सांगितलंत, की ही तुमची मुलगी आहे?"

"ती माझी आहे हे मी या शाळेत कधी कोणाला जाणवूच दिलं नाही, साहेब," बाई म्हणाल्या. "तिलाही नाही."

साहेब माणूस चांगला होता, पण कामाला पक्का. "बोलताना दिसतेय खरी. पण परीक्षा तोंडी आहे, बाई. इथून ऐकू काहीच येत नाही. पाणी उतरलं की पलीकडे जाऊन ऐकू." त्या रात्री ते दवाखान्यातल्या रिकाम्या खाटेवर झोपले.

सकाळी पाणी बरंच उतरलं होतं. मामांनी एक रिकामी फेरी मारून पाहिली आणि परत येऊन म्हणाले, "चला." साहेब नावेत बसले. बाई काठावरच उभ्या राहिल्या.

"मी नाही येत," त्या म्हणाल्या. "तुम्ही दोघं जा. मी समोर असले की ती गप्प होते. इथून निदान बोलताना तरी दिसते."

मामांनी तार सोडली आणि त्यांच्याकडे वळले. "म्हणजे आता जन्मभर अलीकडूनच बघणार का पोरीला?"

बाई नावेत बसल्या.

पलीकडे वर्ग भरला होता. नाव काठाला लागली तशी पिठीने काडी टाकली आणि उतारावरून धावत सुटली. ती येऊन आदळली ती बाईंच्या पोटावर. बाईंनी तिला उचलून घेतलं, ती आता उचलण्याएवढी राहिली नव्हती तरी. सगळ्या शाळेदेखत बाईंनी तिचे मुके घेतले. बारकी पोरं तोंडावर हात ठेवून बघत होती. त्यांच्यातल्या काहींना पिठी बाईंचीच आहे हे त्या दिवशी पहिल्यांदा नीट कळलं असावं.

मग साहेब दगडावर बसले. "हं, बाळ. आता ऐकू का आपण? साडेतीन वाजले की मोठा काटा कुठे असतो?"

पिठी फळ्याजवळ उभी राहिली. तिने साहेबांकडे बघितलं, आईकडे बघितलं. आणि बाईंना दिसलं की पायाचा अंगठा हळूच मातीत शिरतोय. ओठ मिटले. इतके दिवस अखंड चाललेलं ते तोंड बाई येऊन उभ्या राहिल्याबरोबर बंद झालं. साहेबांनी प्रश्न पुन्हा विचारला. ढब्बूला राहवेना, तो पुटपुटला, "अगं, कालच तर तू मला शिकवलंस." तरी काही नाही. साहेबांनी नाइलाजाने बाईंकडे बघितलं.

'बोल ना गं,' असं म्हणायला बाईंनी तोंड उघडलं. महिनाभर त्या हेच म्हणत होत्या. पण त्या तशाच थांबल्या. त्यांच्या मनात आलं की आपण आयुष्यभर मुलांना प्रश्न विचारले, हजारो विचारले, पण त्या प्रत्येकाचं उत्तर आपल्याला आधीच माहीत होतं. आणि हे मुलांनाही माहीत असतं. मोठा काटा कुठे असतो हे साहेबांना ठाऊक आहे, मला ठाऊक आहे, मग ही पोर कोणासाठी बोलेल? त्या पुढे आल्या आणि पहिलीच्या रांगेच्या शेवटी, खाली गवतावर बसल्या.

"पिठे," त्या म्हणाल्या, "मला एक सांगशील? तू इतके दिवस यांना काय शिकवलंस? मला पलीकडे काही ऐकू आलं नाही."

पिठीच्या कपाळाला आठी पडली. मग अगदी बारीक, घोगरा आवाज आला. "खरंच नाही आलं?"

"एक अक्षरही नाही. पाण्याचा आवाज केवढा होता."

"मग तू रोज इतका वेळ बघत काय बसायचीस?"

"तुझं तोंड," बाई म्हणाल्या. "बोलताना तू कशी दिसतेस ते मी विसरले होते गं."

पिठीने आईकडे नीट निरखून बघितलं. आईला खरोखरच माहीत नाही, अशी तिची खात्री पटली असावी. कारण तिने एक मोठा श्वास घेतला आणि सांगायला लागली. पहिल्या दिवशी बारकी रडायला लागली म्हणून तिने त्यांना नदीतून वाहत जाणारे ओंडके मोजायला लावले, शंभराच्या पुढे कोणालाच येईना, म्हणून मग शंभराच्या पुढचे आकडे घेतले. पाढे घ्यायचे होते, पण मुलं कंटाळली असती म्हणून घेतले नाहीत. अर्धा आणि पाव शिकवायला ढब्बूच्या आईकडून उकडलेले बटाटे आणले, ते कापले, पण ढब्बूने पाव खाऊन टाकला, त्यामुळे हिशेब अर्ध्यावरच राहिला. वर्ग हसला. ढब्बू म्हणाला, पाव नव्हता, अर्धा होता. पिठी म्हणाली, मध्ये बोलू नकोस, मग तुला विचारीन. आवाज आता चांगला खणखणीत झाला होता. घड्याळ शिकवायला तिने जमिनीवर मोठं वर्तुळ काढलं होतं, मोठा काटा म्हणून ढब्बूला झोपवलं आणि लहान काटा म्हणून त्याच्या बहिणीला. साडेतीनला ढब्बूचे पाय थेट खाली, नदीकडे. एवढं म्हणून ती पुढे गेली. आपण साहेबांच्या प्रश्नाचं उत्तर दिलंय हे तिच्या गावीही नव्हतं. साहेबांच्या ते ध्यानात आलं होतं, पण त्यांनी पेन काढलं नाही.

दिशा सांगताना ती एके ठिकाणी सपशेल चुकली. पूर्व आणि पश्चिमेची तिने अदलाबदल केली होती आणि चार रांगांना त्या आत्मविश्वासाने तशाच शिकवल्या होत्या. बाईंच्या जिभेवर दुरुस्ती आली. ती त्यांनी गिळली. ती उद्या करता येणार होती. डोळ्यांतलं पाणी पुसायचंही त्यांना सुचलं नाही.

ऊन वर आलं. नावाडीमामा नाव सोडून उतारावर येऊन बसले होते. साहेबांनी बऱ्याच वेळाने खाकरून विचारलं, "झालं का, बाळ, सांगून?"

"नाही," पिठी म्हणाली. "अजून कालचा दिवस राहिलाय."